आठ पाणबुड्या आल्या म्हणजे पारडं फिरलं का?

गुहागरकडच्या एका कॉलेजातल्या पोराने विचारलंय. थोडक्यात प्रश्न असा: चीन पाकिस्तानला आठ नव्या पाणबुड्या देतोय, आपल्याकडे नव्या म्हणाव्या अशा डिझेल पाणबुड्या सहाच, मग समुद्रात आता पाकिस्तान वरचढ झाला का, आणि कोकण किनाऱ्याला घाबरायचं कारण आहे का, कारण मे २०२५ च्या मॉक ड्रिलनंतर आईला झोप लागत नाही. सोबत कुठल्यातरी वेबसाइटवरचा तक्ता चिकटवलाय, रणगाडे इतके, विमानं इतकी, जहाजं इतकी आणि शेवटी दोन्ही देशांना नंबर. "काका, सोपं करून सांगा" असं लिहिलंयस, तर काका म्हणालास म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नको.

माझं आधी सांगतो, मग किती ऐकायचं ते तुझं तू ठरव. नेव्हीत खलाशी म्हणून भरती झालो आणि पंधरा वर्षं सोनारवर काढली, म्हणजे कानाला हेडफोन लावून पाण्याखाली काय आहे ते ओळखायचं. अधिकारी नव्हतो, माझी नजर लोअर डेकची. आता रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरावर ट्रॉलरना फिशफाइंडर, जीपीएस, वायरलेस विकतो आणि दुरुस्त करतो. जहाजांची नावं आणि आतल्या गोष्टी विचारू नको, जे जाहीर आहे तेवढ्यावरच बोलणार.

तर तो तक्ता आधी बाजूला ठेव. तुझा खरा प्रश्न कोणाकडे किती हा नाहीच, प्रश्न हा की कोणाला काय काम करायचंय आणि त्या दिवशी त्यासाठी काय तयार आहे. मिरकरवाड्याला ये, जेटीला बोटीला बोट लागलेली दिसेल, मोजत बसलास तर दमशील. पण उद्या पहाटे त्यातल्या किती जाणार? एकाचं इंजिन उघडलंय, एकाचे नेपाळी खलाशी गावाला गेले ते आलेच नाहीत, एकाचं जाळं खडकाला लागून फाटलंय, एकाला बर्फ उधार मिळत नाही. पाणबुडीचंही असंच असतं. जुना हिशोब असा की तीनातली एक बाहेर गस्तीवर, एक वाटेवर नाहीतर तयारीत, एक डॉकमध्ये. लढाई दिसायला लागली की डॉकवाल्यांना घाई करून दोन बाहेर काढता येतात, पण मग पुढे कित्येक महिने त्याचे चटके बसतात. म्हणजे आठ पाणबुड्या याचा अर्थ कुठल्याही साध्या दिवशी समुद्रात दोन, फार तर तीन. आपल्यालाही तोच नियम, आणि आपल्या जुन्या पाणबुड्या तर बहुतेक १९८० च्या दशकापासूनच्या, त्यांचे डॉकचे मुक्काम लांबत जातात.

दुसरं, "पाण्यात उतरली" आणि "लढायला तयार" यात फार अंतर असतं, बातमीवाले दोन्ही एकच धरतात. हा करार २०१५ चा, चार चीनमध्ये बांधायच्या आणि चार कराचीत. पहिली पाण्यात उतरली एप्रिल २०२४ मध्ये. उतरल्यानंतर ट्रायल, मग क्रू तयार होणं, मग त्या क्रूला त्या पाण्याची सवय होणं. आपल्या नव्या सहांतली पहिली कलवरी बघ, करार २००५ चा, पाण्यात २०१५ ला, नौदलात आली डिसेंबर २०१७ ला आणि सहावी वागशीर जानेवारी २०२५ ला. वीस वर्षांत सहा! माझगाव डॉकने त्याआधी १९९० च्या दशकात जर्मन डिझाइनच्या दोन बांधून दाखवल्या होत्या, मग काम थांबलं आणि मधे इतकी वर्षं गेली की ते वेल्डिंग येणारे हातच रिटायर झाले, त्यातले कितीतरी आपल्याच कोकणातले, परळला खोली आणि डॉकात नोकरी असे. १९९९ मध्ये सरकारने तीस वर्षांचा प्लॅन मंजूर केला होता, चोवीस पाणबुड्यांचा. त्यातल्या किती झाल्या ते वर लिहिलंच. तेव्हा कराचीतल्या चार वेळेत होतील असं मला वाटत नाही, पण आपण त्यांना हसावं अशी आपली परिस्थिती नाही.

आता जिथे ते खरंच पुढे आहेत ते सांगतो, लपवण्यात काय अर्थ. साध्या डिझेल पाणबुडीला दोन-चार दिवसांनी नळी वर काढून हवा घ्यावी लागते, इंजिन चालवून बॅटरी भरायला, त्याला आम्ही स्नॉर्ट म्हणायचो. नळी वर आली की रडारला दिसते, इंजिनाचा आवाज पाण्यात पसरतो, पाणबुडी सापडते ती बहुधा तेव्हाच. एआयपी नावाची सिस्टीम असली की दोन-तीन आठवडे वर यायची गरज नाही. चीनच्या या पाणबुड्यांमध्ये ती आहे, पाकिस्तानच्या तीन फ्रेंच आगोस्तांमध्येही आहे. आपल्या सहा स्कॉर्पीनपैकी, म्हणजे कलवरीपासून वागशीरपर्यंतच्या, एकीतही अजून नाही. आपली सिस्टीम अंबरनाथच्या डीआरडीओच्या लॅबमध्ये तयार झाली, ती पाणबुडीत बसवण्यासाठीचा भाग बांधायचा १९९० कोटींचा करार माझगाव डॉकबरोबर झाला तो ३० डिसेंबर २०२४ ला. उशीर झाला, सरळ बोलायचं तर.

पण एआयपीवर पाणबुडी चालते ती हळू, माणूस भरभर चालेल एवढ्याच वेगाने. जोरात पळाली की बॅटरी बसते. म्हणजे ते दबा धरून बसणारं जनावर आहे, पाठलाग करणारं नव्हे. सावज जवळून गेलं तर खेळ, नाही गेलं तर वाट बघ.

आणि इथेच तुझ्या तक्त्याची गोची होते, कारण दोघांचं काम सारखं नाही. आपल्याला समुद्र वापरायचाय, आखातातून तेल आणायचंय, मुंबई-न्हावाशेवा चालू ठेवायचंय, विमानवाहू जहाज बाहेर काढायचंय. पाकिस्तानला फक्त एवढंच करायचंय की आपल्याला ते निर्धास्तपणे करता येऊ नये. घर राखणाऱ्याला सगळ्या खिडक्या लावाव्या लागतात, चोराला एक उघडी मिळाली तरी भागतं. त्यामुळे कमी पैसेवाला पाणबुड्या घेतो, त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

१९७१ चं उदाहरण घे. ९ डिसेंबरला दीवजवळ त्यांच्या हँगोर पाणबुडीने आपली खुक्री ही युद्धनौका बुडवली, १९४ माणसं गेली, कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबरच गेले. त्यानंतर आपली जहाजं आणि विमानं तिच्या मागे लागली, पण ती कराचीला परत पोचली. एका पाणबुडीने एक जहाज तर घेतलंच, वर तिला शोधण्यात आपलं किती बळ अडकलं बघ. नव्या आठ पाणबुड्यांच्या क्लासला त्यांनी तेच नाव दिलंय, उगाच नाही. त्याच युद्धात त्यांची गाझी ही पाणबुडी आपल्या विमानवाहू विक्रांतच्या शोधात पार विशाखापट्टणमपर्यंत गेली आणि तिथेच बुडाली, पण तिच्या धास्तीने विक्रांतला अंदमानकडे लपवून ठेवावं लागलं होतं हेही खरं. आणि आपल्या बाजूने काय, तर ४ डिसेंबरच्या रात्री निर्घात, निपात, वीर अशा तीन छोट्या मिसाइल बोटी, मुळात किनारा राखायला घेतलेल्या, त्या कराचीवर नेल्या आणि त्यांचं नौदल बंदरात कोंडलं. कुठल्याही तक्त्यात त्या तीन बोटींना कोणी मार्क दिले नसते.

पाणबुडी शोधणं किती अवघड ते माझ्याच फजितीवरून सांगतो. एप्रिलअखेर, किनाऱ्यापासून बरंच बाहेर सराव चाललेला, आमची तीन जहाजं आणि समोर आपलीच एक जुनी डिझेल पाणबुडी. माझा मिडल वॉच, म्हणजे रात्री बारा ते चार. संध्याकाळी बीटी टाकली होती, म्हणजे पाण्याचं तापमान खोलीप्रमाणे मोजायचं यंत्र, त्यात वरचं पाणी तिशीच्या आसपास गरम आणि तीस-चाळीस मीटरखाली तापमान एकदम घसरलेलं. उन्हाळ्यात अरबी समुद्राचं हे नेहमीचं. आवाज थंड पाण्याकडे वाकतो, त्यामुळे वरून सोडलेला पिंग, म्हणजे सोनारचा आवाज, सरळ जायच्या ऐवजी खाली वळतो आणि काही अंतरापुढे नुसता आंधळेपणा. त्यात उथळ पाण्यात एक जातीची कोळंबी असते तिचा आवाज हेडफोनमध्ये फोडणीत मोहरी तडतडावी तसा, सतत. त्यावर ट्रॉलरची इंजिनं. रात्री दोन-सव्वादोनला मला एक हलका कॉन्टॅक्ट मिळाला, म्हणजे पाण्याखाली काहीतरी असल्याची खूण, कडा पुसट, जरा सरकतोय, मी म्हटलं मासळीचा थवा आहे, चीफनी पण ऐकलं आणि लॉगमध्ये "नॉन-सब", म्हणजे पाणबुडी नाही, असं लिहिलं. पहाटे तांबडं फुटायच्या वेळी उजव्या बाजूला दोन-अडीच किलोमीटरवर हिरवा फ्लेअर वर गेला. सरावात त्याचा अर्थ एकच, पाणबुडीने टॉर्पेडो सोडला, तुम्ही मेलात. चीफ काही बोलले नाहीत, फक्त घड्याळ बघून लॉगमध्ये वेळ टाकली. नंतर दोन्ही बाजूंचे नकाशे एकावर एक ठेवले तेव्हा कळलं की माझी मासळी ती मासळी नव्हती. आता गिऱ्हाईकाला फिशफाइंडर दाखवताना पडद्यावर ती थराची बारीक रेषा उमटली की मी दर वेळी एक सेकंद थांबतो, तांडेलाला वाटतं काका किंमत आठवतायत.

म्हणजे आत्तापर्यंत काय झालं, की आकडा आठ दिसतो तेवढा नाही, पण त्या दोन-तीन पाणबुड्यांची किंमत आकड्याहून जास्त आहे. आता आपल्या पारड्यात काय ते बघू.

पाणबुडीला उत्तर पाणबुडीनेच द्यायचं असं नसतं, हे बहुतेक लोक विसरतात. तिला शोधतं विमान आणि हेलिकॉप्टर, कारण पाणबुडीला त्यांच्यावर टॉर्पेडो मारता येत नाही. आपल्याकडे पी-८आय विमानं बारा आहेत, तमिळनाडूत अरक्कोणमला आणि इथे गोव्याला. हेलिकॉप्टरच्या बाबतीत मात्र आपण वर्षानुवर्षं रडलो, मोठी नवी जहाजं, मागे प्रशस्त हँगर आणि आत म्हातारं सी किंग नाहीतर काहीच नाही. चोवीस सीहॉक २०२० मध्ये मागवली, त्यांची पहिली स्क्वाड्रन (तुकडी) कोचीला २०२४ मध्ये उभी राहिली. शिवाय किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात पाणबुडी शोधायला सोळा छोटी जहाजं मागवलीत, त्यातलं पहिलं जून २०२५ मध्ये आलं, नाव आयएनएस अर्नाळा, आपल्या वसईजवळच्या किल्ल्यावरून. स्कॉर्पीनमधली दुसरी खांदेरी, ती अलिबागसमोरची. माझ्या मते ही सोळा छोटी जहाजं आणि ती हेलिकॉप्टरं हेच हँगोरला खरं उत्तर आहे, पण त्यांचा फोटो विमानवाहू जहाजासारखा दिसत नाही म्हणून त्यावर रील बनत नाहीत.

वरच्या समुद्रात, म्हणजे जहाजाला जहाज, तिथे तुलनाच नाही. दोन विमानवाहू जहाजं, चार विशाखापट्टणम क्लास डिस्ट्रॉयर, शिवाय अणुऊर्जेवरच्या अरिहंत आणि अरिघात. त्यांच्याकडे चीनच्या चार नव्या फ्रिगेट आहेत आणि तुर्कस्तानच्या मदतीने आणखी चार जहाजं बांधायचं चाललंय, चांगली आहेत, पण उघड्या समुद्रात येऊन भिडण्याएवढी नाहीत.

पैशाचं बोलू. सिप्री नावाची स्वीडनची संस्था आहे, तिच्या हिशोबाने २०२४ मध्ये भारताचा लष्करी खर्च ८६.१ अब्ज डॉलर आणि पाकिस्तानचा १०.२ अब्ज. आठ पटीच्या वर. हे ऐकून छाती फुगते, पण पुढचं ऐक. आपलं २०२५-२६ चं संरक्षण बजेट ६.८१ लाख कोटी, त्यात पेन्शनच १.६१ लाख कोटी (माझी त्यातच आली, तक्रार नाही) आणि नवी खरेदी वगैरेला १.८० लाख कोटी. ते सगळं फक्त पाकिस्तानसाठी नाही, उत्तरेची सरहद्द आहे, आणि समुद्रात चीनची जहाजं २००८ च्या डिसेंबरपासून चाचेगिरीच्या नावाने एडनच्या आखातात ये-जा करतायत, २०१७ पासून जिबूतीला त्यांचा तळच आहे. म्हणजे पाकिस्तान आपल्याकडे बघून हत्यार घेतो, आपण पाकिस्तानबरोबर चीनकडे बघून घेतो, चीन अमेरिकेकडे बघून. दोघांचं भांडण म्हणून मोजायला बसलास तर हिशोब जुळणारच नाही.

त्यात अजून एक, इंजिन कोणाचं? आमच्या धंद्यात हे पहिलं विचारतात, कारण पार्ट नाही मिळाला तर सीझन गेला. २०२० ते २०२४ मध्ये पाकिस्तानने बाहेरून घेतलेल्या शस्त्रांपैकी ८१ टक्के एकट्या चीनची. आपल्या खरेदीत रशियाचा वाटा २०१०-१४ ला ७२ टक्के होता तो २०२०-२४ ला ३६ वर आला. एकाच दुकानातून सगळं घेतलं की उधारी मिळते, ट्रेनिंग सोपं जातं, पण दुकानदार सांगेल तसं वागावं लागतं. थायलंडने चीनकडून याच जातीची पाणबुडी मागवली, जर्मनीने चीनला तिचं इंजिन द्यायला नकार दिला आणि काम कित्येक वर्षं अडकलं. असलं तक्त्यात येत नाही.

विमानांवर मी जास्त बोलणार नाही, माझा विषय नाही. एवढंच की हवाई दलाला मंजूर स्क्वाड्रन ४२, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर उरल्या २९. ही काळजी मला पाणबुडीपेक्षा मोठी वाटते.

अणुबॉम्बचं मात्र सोडून चालणार नाही, कारण तिथे पाणबुडीचा संबंध येतो. सिप्रीच्या जानेवारी २०२५ च्या अंदाजाने आपल्याकडे १८० आणि त्यांच्याकडे १७० च्या आसपास. इथे दहाचा फरक म्हणजे काहीच नाही. पण पाकिस्तानने जानेवारी २०१७ मध्ये बाबर-३ ची चाचणी केली, पाण्याखालून सुटणारं क्रूझ मिसाइल, पल्ला ४५० किलोमीटर सांगितला, आणि अणुहल्ल्याला उलट उत्तर देता यावं म्हणून ते आहे हे लपवलेलं नाही. आता समज उद्या लढाईत माझ्यासारख्या कोणाला तरी कॉन्टॅक्ट मिळाला, या वेळी खरा. हेडफोनमध्ये टॉर्पेडोवाली पाणबुडी आणि अणुवाली पाणबुडी सारखीच ऐकू येते. बुडवली आणि ती दुसरी निघाली तर समोरचा काय समजेल? आठ पाणबुड्यांमधली मला खरी भीती वाटते ती याची. दोन्ही देश १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात, त्यांवर हल्ला करायचा नाही असा करार आहे म्हणून, आणि ते अगदी ताणाताणीतही चुकलेलं नाही, पण समुद्राखालच्या अशा गफलतीसाठी तसला काही करार नाही.

आता तुझ्या आईचं. त्या ड्रिलच्या यादीत रत्नागिरी, सिंधुदुर्ग होते म्हणून गावोगाव घबराट झाली होती, आमच्याकडे पण एका म्हातारीने तांदळाचे डबे माळ्यावर चढवले. पाणबुडीवाला आपलं एकेक टॉर्पेडो मोजून वापरतो, तो गुहागरच्या किनाऱ्यावर घालवायला येणार नाही. शिवाय पाणबुडी ७६ मीटर लांब, आपल्याकडे किनाऱ्याजवळ दहा-पंधरा वाव, म्हणजे साधारण वीस-पंचवीस मीटर पाणी, तिला बुडी मारायला सुद्धा जागा नाही. तिला हवं ते बाहेर आहे: मुंबई हाय, १९७४ ला तेल लागलं ते, मुंबईपासून १६० किलोमीटरवर, आखातातून येणारे टँकर, न्हावाशेव्याच्या वाटेवरची कंटेनर जहाजं आणि तुझ्याच तालुक्यात अंजनवेलला येणारी एलएनजीची जहाजं. तिथे काही झालं तर तुझ्या घरी ते डिझेलच्या भावातून, गॅसमधून आणि बंद पडलेल्या मासेमारीतून पोचेल.

आपल्या किनाऱ्यावर आजवर जे आलं ते पाणबुडीतून नाही आलं. १९९३ ला रायगडच्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं ते बोटीतून, २००८ ला मुंबईवरचे दहा जण आले ते कुबेर नावाच्या आपल्याच मच्छीमार ट्रॉलरमधून. त्यामुळे बोटीचा नंबर, खलाशांची कार्डं, ट्रान्सपॉन्डर (बोट कुठे आहे ते कळवणारं यंत्र) यावर पोलीस कटकट करतात तेव्हा मीही शिव्या घालतो, पण ट्रान्सपॉन्डर बंद पडलेला आला तर आधी तो करतो, फिशफाइंडर नंतर.

माझं हे उत्तर कशावर अवलंबून आहे तेही सांगून ठेवतो. लढाई चार दिवसांची झाली, २०२५ च्या मे सारखी, तर पाणबुड्यांना काही करून दाखवायला वेळच मिळत नाही. महिना-दोन महिने ताणली तर समुद्राचं महत्त्व वाढत जातं आणि तिथे आपलं पारडं जड. पावसाळ्यात झाली तर छोटी जहाजं आणि हेलिकॉप्टरं हैराण होतात, पाणबुडी खाली आरामात. आणि चीनने आपल्या उपग्रहांची, टेहळणीची माहिती त्यांना दिली तर त्यांच्या दोन पाणबुड्या चारचं काम करतील, सावज कुठून जाणार हे आधी कळलं की दबा धरणं सोपं.

तेव्हा पुढच्या वेळी "आणखी एक पाणबुडी" अशी बातमी आली की संख्या बघू नको, ती नौदलात कधी आली ते बघ, मग तिचा क्रू किती दिवस समुद्रात होता, आणि आपल्या बाजूला त्या वर्षी हेलिकॉप्टरं किती आली. मिळेल तेवढंच मिळेल, पण त्या तक्त्यापेक्षा बरं. रत्नागिरीला आलास तर दुकानावर ये, दुपारी तीननंतर, सकाळी बोटी लागतात तेव्हा मला बोलायला फुरसत नसते. ऊन तापलेलं असेल तर एखाद्या ओळखीच्या बोटीवर नेऊन पडद्यावर ती रेषा दाखवतो.